पूर्वपक्ष



गुडघ्यांनी साथ सोडल्याला चार वर्षे झाली. कीर्तनाची सेवा उभ्याने करायची असते, तेव्हा ती थांबली. आता सकाळी ज्ञानेश्वरीच्या काही ओव्या, दुपारी थोडे वाचन आणि संध्याकाळी ओट्यावर बसून हरिपाठ, असा दिवस जातो. आमच्यासारखे निवृत्त कीर्तनकार लिहायला बसले की कोणत्या गावच्या सप्ताहाला किती माणूस लोटले होते, काल्याच्या कीर्तनाला पाऊस कसा नेमका थांबला, हे लिहितात. मीही तसे पुष्कळ लिहिले आहे. आज मात्र मी एका अशा बोलण्याविषयी लिहिणार आहे, जे कीर्तन नव्हते आणि तरी मी ते कीर्तनासारखे केले. बोलणे जेमतेम वीस मिनिटांचे होते. विषय होता आमच्या गावच्या गायरानाचा.

वारकऱ्याने जमिनीच्या कज्ज्यात कशाला पडावे, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. मला पडायचे नव्हतेच, माउली. मला तिथे बोलावून नेले, आणि बोलावल्याचा मला आनंद झाला. खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

आधी थोडे शिक्षणाविषयी सांगतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत मी चार वर्षे माधुकरी मागून शिकलो. पाठांतर तर होतेच, पण आमच्या गुरुजींचा विशेष कटाक्ष पूर्वपक्षावर असे. सिद्धान्त मांडण्याआधी त्याच्या विरुद्ध जे म्हणणे आहे ते मांडायचे, तेही असे की ऐकणाऱ्याला वाटावे, बुवा पलीकडच्याच बाजूचा दिसतो. पूर्वपक्ष लुळा मांडला तर सिद्धान्तही लुळाच राहतो, असे ते म्हणत. एकदा मी अद्वैताविषयीची एक शंका घाईने, दोन वाक्यांत उरकली. गुरुजींनी मला उठवले आणि म्हणाले, "शंका घेणारा इथे असता तर त्याने तुला असे सोडले असते का?" पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला, ते वाक्य कानातून गेलेले नाही. कामाला मात्र ते फार उशिरा आले.

आता गायरानाचे सांगतो. आमचे गाव भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधल्या टापूत आहे. गावाच्या पूर्वेला चौदा एकर गायरान. मधून एक ओढा जातो, उन्हाळ्यात कोरडा, आषाढात दोन्ही काठ भरून. कडेने लिंबाची झाडे, एक जुनी चिंच, बाकी सगळी हराळी आणि कुसळ. बालाघाटाच्या बाजूने येणारी एक लहान दिंडी दरवर्षी आषाढ शुद्ध सप्तमीला तिथे मुक्कामाला असते. राहुट्या पडतात, चुली पेटतात, आणि त्या रात्री अख्खे गाव भाकरीच्या पाट्या घेऊन तिकडे जाते. माझे पहिले कीर्तन त्याच गायरानात झाले. टाळकरी सहा होते. मृदंगाच्या शाईवर दव पडले होते म्हणून तो बदबद वाजत होता.

हे गायरान आमचे जन्मापासूनचे नाही, हेही सांगायला हवे. आमचे मूळ गाव भीमेच्या काठी होते. नदीवर मोठे धरण झाले आणि गाव पाण्याखाली गेले. तेव्हा मी विशीतला होतो. वडिलांनी खंडोबाचा तांदळा धोतराच्या सोग्यात बांधून आणला. आईने उंबऱ्याची माती पदरात घेतली होती, ती वाटेत कुठे सांडली कोण जाणे. नवे गावठाण आखून दिले होते, रस्ते सरळ होते, चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. कोणाचे घर कोणाशेजारी हे कागदावर आधीच ठरले होते. वडील वर्षभर एकच गोष्ट म्हणत राहिले : "विचारलं असतं तरी मी नाही म्हणालो नसतो. पण विचारायचं तरी." उन्हाळ्यात धरणाचे पाणी खाली उतरले की आमच्याकडची माणसे अजून जुन्या भिंती बघायला जातात. वडील एकदाही गेले नाहीत.

हे वाक्य ज्या घरात मी ऐकले, त्याच घरातला मी. ध्यानात ठेवा.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका सकाळी सरपंच, दोन सदस्य आणि तालुक्याचे एक पुढारी माझ्या ओट्यावर आले. उपरणे, श्रीफळ, चहा, सगळे यथासांग झाले. मग विषय निघाला. गायरानात वारकरी भवन बांधायचे. मोठा सभामंडप, दहा खोल्या, स्वयंपाकघर, भोवती दगडी कुंपण. दिंडीला पावसापाण्याचा आसरा होईल, एरवी सप्ताह, लग्नकार्ये होतील. सरपंच हात जोडून म्हणाले, "महाराज, मंडपाला आपल्या गुरुजींचं नाव द्यायचं आमच्या मनात आहे." मी गहिवरलो. गुरुजींचे नाव दगडात कोरलेले मला दिसू लागले. खाली बारीक अक्षरात माझेही कुठेतरी असेल असे मनाच्या एका कोपऱ्याला वाटून गेले. लिहायला लाज वाटते, पण वाटून गेले हे खरे आहे.

"फक्त ग्रामसभेत आपण दोन शब्द बोला," ते म्हणाले. "आपण बोललात की प्रश्नच उरत नाही."

वाक्य नीट ऐका, माउली. आपण बोललात की प्रश्नच उरत नाही. मला ती स्तुती वाटली.

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोर भरली. कायद्याने ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतले जे कमी असेल तेवढी हजर लागतात. एरवी आमच्याकडे तेवढीही जमत नसत. सभा तहकूब व्हायची, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्यामुळे नंतर वीस-पंचवीस जणांत सगळे उरकायचे. त्या दिवशी महाराज बोलणार म्हणून तीनशे माणूस आले होते. बायका डोक्यावरून पदर घेऊन एका बाजूला बसल्या होत्या. मी उभा राहिलो, डोळे मिटून नामस्मरण केले, आणि सुरू झालो. पंढरीच्या वाटेवर भिजणाऱ्या म्हाताऱ्या वारकऱ्याचे वर्णन केले. त्याच्या पायाला पडलेल्या भेगा सांगितल्या. देवाच्या कामाला जागा देणे म्हणजे देवाला अंगणात घेणे आहे, असे म्हणालो. दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. शेवटी मी विचारले, "मग या कामाला ज्यांचं मन आहे त्यांनी हात वर करावेत." सगळे हात वर गेले. कोणीतरी विठ्ठलनामाचा गजर केला. ग्रामसेवकाने लिहून घेतले : ठराव सर्वानुमते मंजूर. अनुमोदक म्हणून माझे नाव.

मला वाटले, सेवा झाली.

भवन दीड वर्षात उभे राहिले. कुंपण घातले तेव्हा ओढ्याची एक धार त्याच्या आत गेली. बांधणाऱ्याने तिथे एक बारका पाइप टाकला. पुढच्या आषाढात दिंडी आली. खोल्या दहा आणि वारकरी चारशे. खोल्यांत फडकरी महाराज, विणेकरी आणि काही मानकरी राहिले, बाकीच्यांना पूर्वीसारख्या राहुट्या टाकायच्या होत्या, पण अर्धी जागा कुंपणात आणि फरशीत गेली होती. रात्री पाऊस आला. ओढा कुंपणाला अडला, तुंबला आणि जो उरलेला उतार होता तिकडून राहुट्यांत शिरला. ज्या म्हाताऱ्या वारकऱ्याचे वर्णन करून मी हात वर करवून घेतले होते, तसे कितीतरी म्हातारे त्या रात्री डांबरी रस्त्याच्या कडेला पोती पांघरून बसले होते. मी छत्री घेऊन त्यांच्यातून फिरलो. कोणी काही बोलले नाही. वारकरी तक्रार करत नाही, हे आपण जाणताच. कधी कधी वाटते, करायला हवी.

सकाळी दिंडी निघाल्यावर मी चिंचेखाली टेकलो होतो. धनगरवस्तीवरची एक म्हातारी शेळ्या घेऊन आली. माझ्याच वयाची असेल. माळकरी, एकादशी धरणारी, माझ्या कीर्तनाला तिने वर्षानुवर्षे पहिल्या रांगेत बसून टाळ्या दिल्या होत्या. तिच्या शेळ्या कुंपणाला तोंड लावून उभ्या राहिल्या. आत हिरवे गवत दिसत होते.

मी म्हणालो, "आक्का, आता शेळ्या कुठं नेता?"

"नेतो की वढ्याच्या पल्याड. कुनाच्या बांदाला लागल्या की शिव्या खातो."

"मग तुम्ही ग्रामसभेत सांगितलं का नाही? तुम्हीही हात वर केला होता. मी पाहिला होता."

ती हसली. रागाने नाही, लहान मुलाच्या चुकीवर हसावे तशी. म्हणाली, "म्हाराज, तुमी इचारलं कुटं? तुमी कीर्तन केलं. कीर्तनात तुमी हात वर करा म्हंता, आमी करतो. तसंच केलं."

शेळ्या पुढे गेल्या, ती मागोमाग गेली. मी तिथेच बसून राहिलो.

माउली, आपणही कीर्तन ऐकले आहे, कदाचित केलेही असेल. कीर्तनात एकच माणूस बोलतो. शंका तोच विचारतो, उत्तर तोच देतो. समोरचा टाळी देतो, नाम घेतो, रडतो. ते त्या ठिकाणी योग्यच आहे, कारण तिथला विषय असा आहे की त्यावर मतदान करता येत नाही. पण गायरानात भवन कुठे असावे, ओढा कुठून जावा, शेळी कुठे चरावी, हा विषय तसा नाही. तिथे पूर्वपक्ष जिचा आहे तिनेच मांडायला हवा. मी तिच्या वतीने मांडू शकत नव्हतो, कारण मला तो ठाऊकच नव्हता. आणि मी तर मांडलाही नव्हता. गुरुजींनी उठवून विचारले असते, "ती इथे बोलली असती तर तिने तुला असे सोडले असते का?"

त्या काळात मला चोखोबांचे चरित्र पुन्हा पुन्हा आठवू लागले. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालले होते. गावकुसाच्या बाहेर ज्यांना ठेवले, त्यांनाच ते कुसू बांधायला वेठीने लावले होते. शके १२६०, म्हणजे सन १३३८ मध्ये ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, महाद्वारी समाधी झाली. ही कथा मी किती वेळा सांगितली असेल त्याची गणती नाही. अस्थींतून नाम ऐकू येत होते इथे आलो की मंडप स्तब्ध व्हायचा. पण इतक्या वर्षांत मी एका गोष्टीशी कधी थांबलो नाही : ती भिंत कोणासाठी होती, आणि बांधणाऱ्यांपैकी कोणाला कोणी विचारले होते? मी थेट अस्थींवर जायचो. भिंत मला लवकर उरकायची असायची.

मग मी थोडा अभ्यास केला. म्हातारपणी नवे शिकणे जड जाते, पण नव्याने आलेला ग्रामसेवक तरुण आणि चिकाटीचा होता. तो संध्याकाळी यायचा, चहा घ्यायचा आणि मला समजावून सांगायचा. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. चौदाव्या वित्त आयोगापासून गावाला थेट निधी येऊ लागला आणि त्याचा आराखडा गावाने स्वतः करायचा, असे ठरले. आपल्या राज्यात त्याचे नाव 'आमचं गाव, आमचा विकास'. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. गायरानाविषयीही कळले. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याविषयी निकाल दिला होता आणि त्याच वर्षी १२ जुलैला राज्य शासनाने त्यावर निर्णय काढला होता. म्हणजे आमच्या ठरावाच्या आधीच हे सारे कागदावर होते. "मग आपलं भवन कसं झालं?" मी विचारले. तो म्हणाला, "सार्वजनिक प्रयोजन, महाराज. आणि ग्रामसभेचा ठराव जोडला होता. सर्वानुमते."

सर्वानुमते हा शब्द मला त्या दिवसापासून बोचतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाविषयी मी ऐकले होते. तिथेही निर्णय सर्वांच्या मतानेच होतात, बहुमताने नाही. पण तिथे एखाद्याला पटले नसेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो, पुन्हा बोलणे होते, अभ्यासगट बसतो. या रीतीने चालणाऱ्या त्या गावाला २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. त्यांचे एकमत बोलून बोलून झालेले असते. आमचे गप्प बसून झालेले होते. इतिवृत्तात दोन्ही सारखीच दिसतात.

आपल्याकडे हे पूर्वी नव्हते असेही नाही. जुने महजर पाहिले तर गावच्या वतीने 'समस्त पांढरी' असे लिहिलेले आढळते. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, काळी म्हणजे पिकाची. (पांढरी आणि पंढरी यांत एका कान्याचा फरक, हे मी कीर्तनात सांगून टाळ्या घेतल्या आहेत.) निवाड्यावर सही म्हणून कुणबी नांगराची खूण काढी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. लिहिता न येणाराही कागदावर दिसायचा. अर्थात त्या गोतसभेत बायका नव्हत्या, आणि गावकुसाबाहेरच्यांचे किती ऐकले जाई याविषयी मला भाबडेपणा नाही. जुने ते सगळे सोने म्हणणारा मी नाही.

भवन झाल्यावर चार-पाच वर्षांनी उरलेल्या गायरानाचा विषय आला. रस्ता रुंद झाला होता आणि त्याच्या कडेने वीस गाळे काढायचे ठरत होते. पुन्हा माझ्या ओट्यावर मंडळी आली. सरपंच नवे होते, तरुण. त्यांनी गुरुजींचे नाव काढले नाही, एवढे बरे केले. मी म्हणालो, "बाळ, मी बोलणार नाही. मी बसेन. पण माझी एक विनंती आहे. आधी बायकांची सभा खरोखर घ्या, कागदावर नको. आणि धनगरवस्ती, खालची वस्ती, यांना निरोप पाठवा." ते थोडे हिरमुसले. पण त्यांनी ते केले, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

ग्रामसेवकाने एक चांगली गोष्ट केली. आराखड्याच्या प्रशिक्षणात ती शिकवतात म्हणे. भवनाच्याच फरशीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढायला सांगितला. आधी मुली पुढे झाल्या. शाळा, देऊळ, टाकी, रस्ते. मग म्हाताऱ्या पुढे सरकल्या. आक्काने निळ्या रांगोळीची चिमूट घेतली आणि ओढा काढला, तलाठ्याच्या नकाशात होता त्याहून वेगळा. आषाढात तो कुठे फुटतो, पाणी कुठल्या खड्ड्यात माघापर्यंत टिकते, हे तिने दाखवले. खालच्या वस्तीतल्या एका बाईने हळदीने एक वाट काढली. मला वाटले, शेताची असेल. ती म्हणाली, "ही आमची मसणवट्याची वाट. गाळे झाले की मयत कुठून न्यायचं?" त्या वाटेवर मी चाळीस वर्षांत एकदाही पाऊल टाकले नव्हते. म्हणूनच ती मला ठाऊक नव्हती.

आणि पूर्वपक्ष फक्त त्यांचाच नव्हता, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी पुन्हा एकाच बाजूचे कीर्तन करीन. एक तरुण उभा राहिला. शिवणकाम करणारा, बापाच्या घराच्या पडवीत मशीन मांडलेले. तो म्हणाला, "शेळ्यांचं सगळे बोलतात. मला रस्त्याला जागा मिळाली तर मी इथं राहीन. नाहीतर पुण्याला जाईन. गाव राहावं असं सगळ्यांना वाटतं, पण गावात माणूस राहायला नको का?" कोणापाशी पटकन उत्तर नव्हते. माझ्यापाशी तर नव्हतेच. पूर्वी असते तर मी एखादा दृष्टान्त टाकून त्याला बसवले असते. त्या दिवशी तो उभाच राहिला, आणि सगळ्यांना त्याच्याकडे पाहावे लागले.

सभा त्या दिवशी संपली नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा बसली. भांडण झाले. दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले ते आजही बोलत नाहीत. सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही. शेवटी ठरले ते असे : गाळे वीसऐवजी आठ, तेही जुन्या पडक्या शाळेच्या जागेवर, रस्त्याला लागून. त्यातला एक त्या शिवणकाम करणाऱ्याला मिळाला. मसणवट्याची वाट नकाशावर रीतसर दाखवायची. भवनाच्या कुंपणाखाली पाइप काढून रुंद मोरी करायची. गायरानाचा उरलेला भाग तसाच ठेवायचा आणि दिंडीच्या मुक्कामाची जागा आखून ठेवायची. मोरीला निधी मिळायला दोन वर्षे लागली. त्या दोन आषाढांत पाणी पुन्हा तुंबले.

दुसऱ्या बैठकीच्या अखेरीस मी उभा राहिलो. बोलायचे नाही असे ठरवले होते, तरी राहिलो. म्हणालो, "मागच्या ठरावाला मी अनुमोदन दिले, ते कोणाला न विचारता दिले. इतिवृत्तातून माझं नाव काढावं." सभेत शांतता झाली. ग्रामसेवक आदराने म्हणाला, "झालेलं इतिवृत्त बदलता येत नाही, महाराज." मग थोडे थांबून म्हणाला, "पण आपण आत्ता जे बोललात ते आजच्या इतिवृत्तात घेता येईल." त्याने घेतले. दोन ओळी आहेत. वही पंचायतीच्या कपाटात आहे. आणि मागची वहीही त्याच कपाटात आहे.

मंडपावर गुरुजींचे नाव संगमरवरात आहे. लग्नसराईत तिथे मोठमोठ्याने गाणी लागतात. पावसात दिंडीतली काही म्हातारी माणसे तिथे कोरडी झोपतात, हेही खरे. मी पाटीखालून जाताना नमस्कार करतो. तो गुरुजींना की क्षमेसाठी, ते माझे मलाच धड कळत नाही.

परवा दवंडी झाली. पूर्वी हलगीवाला यायचा, आता रिक्षावर कर्णा लावून पंचायतीचा शिपाई येतो. २ ऑक्टोबरची ग्रामसभा. विषयात सौर ऊर्जेचे पॅनेल गायरानात बसवण्याचा प्रस्ताव आहे म्हणे. शेतीला दिवसा वीज मिळेल, असे सांगतात. रात्री पाणी धरायला जाताना साप चावून आमच्या गल्लीतला एक मुलगा गेला, तेव्हा दिवसाची वीज ही काही थट्टेची गोष्ट नाही. दोन्हीकडचे आयुष्य आहे. नातू म्हणाला, "आजोबा, तुमचं काय मत?" मी म्हणालो, अजून माझे मत झालेले नाही.

आदल्या दिवशी महिलांची सभा आहे. तिथे मला बसता येणार नाही. पण लिंबाखाली दगड आहे, तिथे आक्काच्या नातीने शेळ्या आणलेल्या असतात, कारण आक्का त्या वेळी आत सभेत असते. मी काठी टेकत तेवढ्यापर्यंत जाईन म्हणतो. शेळ्या सांभाळायला कोणीतरी लागेलच. नात आता अठरा वर्षांची झाली आहे, तिलाही आत जायचे असेल.